कोरियाची फाळणी: ३८वा अक्षांश, शस्त्रसंधीची कलमं आणि भारताच्या ताब्यातले २२ हजार कैदी

नकाशावाचक

कोरियाच्या फाळणीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा 'महायुद्धानंतर अमेरिका आणि रशियाने देश वाटून घेतला' या एका वाक्यात आठ वर्षं उरकलेली असतात. देश असा एका दिवसात तुटला नाही. एकामागून एक तात्पुरत्या व्यवस्था झाल्या आणि त्यातली एकही वेळेवर संपली नाही, कारण संपवायला दोन्ही महासत्तांची सही लागत होती. त्या व्यवस्था क्रमाने मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

शरणागती कोणी घ्यायची? १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९४३ च्या कैरो जाहीरनाम्यात कोरियाला 'यथावकाश' स्वतंत्र करू असं म्हटलं होतं. कधी आणि कोणाच्या हाती, हे मोकळंच सोडलं. ८ ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि लगेच त्याच्या फौजा कोरियाच्या ईशान्य टोकातून आत शिरल्या. त्या वेळी सगळ्यात जवळची मोठी अमेरिकी फौज ओकिनावावर, म्हणजे जवळपास हजार किलोमीटर दूर.

१० ऑगस्टच्या मध्यरात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलना अर्ध्या तासात रेषा सुचवायला सांगितलं गेलं. हाताशी होता तो नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा. त्यांनी ३८वा अक्षांश निवडला, कारण राजधानी सोल त्याच्या दक्षिणेला राहते. कोरियाच्या एकाही जाणकाराला विचारलं नव्हतं. स्टालिनने हरकत घेतली नाही. त्याने होक्काइडो बेटाचा उत्तर भाग मागून पाहिला, तो ट्रुमनने नाकारला. अमेरिकी सैन्य इंचॉनला उतरलं ८ सप्टेंबरला. म्हणजे सोव्हिएत फौजेला दक्षिणेकडे जाण्यापासून रोखणारं महिनाभर कोणी नव्हतं, तरी ती ठरल्याप्रमाणे ३८ वर थांबली.

ही रेषा जमिनीवरच्या कशालाच धरून नव्हती. तिने १२ नद्या, ७५ हून जास्त ओढे, १८१ बैलगाडीच्या वाटा, १०४ गावरस्ते, १५ बारमाही प्रांतिक रस्ते, ८ मोठे हमरस्ते आणि ६ लोहमार्ग कापले. लष्करी दृष्टीने तर ती निरुपयोगीच. अक्षांशाला ना कडा असतो ना खिंड, त्यामुळे ती राखता येत नाही. पण शरणागती घेण्यापुरतीच आहे म्हटल्यावर कोणी फिकीर केली नाही.

विश्वस्त व्यवस्था. डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्कोत ठरलं की अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि चीन यांनी जास्तीत जास्त ५ वर्षं देखरेख करायची आणि हंगामी सरकारसाठी अमेरिकी-सोव्हिएत संयुक्त आयोगाने कोरियन पक्षांशी बोलायचं. आयोग अडला तो पहिल्याच पायरीवर. बोलायचं कोणाशी? सोव्हिएत बाजू म्हणाली, ज्यांचा विश्वस्त व्यवस्थेला विरोध आहे त्यांना बोलावूच नका. आता उजवे पक्ष सगळे विरोधात होते आणि डाव्यांनी पाठिंबा दिला होता. हा नियम मानला तर टेबलाशी फक्त डावे उरतात, न मानला तर उजव्यांची संख्या भारी ठरते. १९४६ आणि १९४७ अशी दोन वर्षं याच प्रश्नावर गेली.

निवडणूक. अमेरिकेने प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला. नोव्हेंबर १९४७ मध्ये निवडणुकीसाठी आयोग नेमला गेला. त्याला उत्तरेत पाऊल टाकू दिलं नाही. तेव्हा फेब्रुवारी १९४८ मध्ये सल्ला आला की 'जिथे पोचता येतं तिथे' निवडणूक घ्या. ही चार शब्दांची सवलत म्हणजे माझ्या मते खरी फाळणी. १० मे १९४८ ला फक्त दक्षिणेत मतदान झालं. १५ ऑगस्टला सिंगमन ऱ्ही यांचं प्रजासत्ताक आणि ९ सप्टेंबरला किम इल संग यांचं लोकसत्ताक प्रजासत्ताक उभं राहिलं. दोन्ही सरकारांचा दावा मात्र संपूर्ण कोरियावर.

सोव्हिएत फौजा १९४८ अखेर निघाल्या, अमेरिकी फौजा जून १९४९ मध्ये. मागे उरले सुमारे ५०० अमेरिकी सल्लागार. २५ जून १९५० ला उत्तरेने हल्ला केला.

युद्धाच्या लढाया मुद्दाम टाळतो, त्यांवर भरपूर लिहिलेलं आहे. सोल नऊ महिन्यांत चार वेळा हातातून हातात गेलं, एवढं पुरे. मला चर्चा हवी आहे ती जुलै १९५१ ते जानेवारी १९५४ या काळाची, जेव्हा रेषा जवळपास जागेवरच होती आणि माणसं तरीही मरत होती.

वीजवाहिनी

एक भर घालते. रेषेने रस्ते कापले हे खरं, पण सगळ्यात आधी दुखलं ते विजेचं. जपानी काळात सगळी मोठी जलविद्युत केंद्रं उत्तरेच्या डोंगराळ भागात बांधली गेली. चीनच्या सीमेवरच्या यालू नदीवरचं सुपुंग धरण त्यातलं मुख्य. हंगनामचा रासायनिक खतांचा मोठा कारखानाही उत्तरेत. भाताची सपाट जमीन आणि जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्या मात्र दक्षिणेत. म्हणजे खत आणि वीज एकीकडे, शेत आणि तोंडं दुसरीकडे.

१९४५ नंतर तीन वर्षं रेषा ओलांडून वीज येत राहिली. मोबदल्यात काय आणि किती द्यायचं यावर वाद चालू होता. दक्षिणेतली निवडणूक झाल्यावर चौथ्या दिवशी, १४ मे १९४८ ला, उत्तरेने पुरवठा तोडला. दक्षिणेला मग तरंगत्या वीजकेंद्रांवर, म्हणजे बंदरात उभ्या केलेल्या अमेरिकी जनित्र-जहाजांवर, वेळ निभवावी लागली. सरकारं औपचारिकपणे जाहीर व्हायच्या आधीच तारा तुटलेल्या होत्या.

सुमेधा

उत्तम धागा. दोन प्रश्न. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने नकाराधिकार का वापरला नाही? आणि भारताने नक्की कोणत्या बाजूला मत दिलं? एकीकडे वाचते की भारत तटस्थ होता, दुसरीकडे की भारताने उत्तर कोरियाला आक्रमक ठरवलं.

तळटीप

सुमेधा, दोन्ही खरं आहे. ठराव वेगवेगळे घेतले की गुंता सुटतो.

सोव्हिएत प्रतिनिधी परिषदेत येतच नव्हता. चीनची जागा पेकिंगच्या (आताच्या बीजिंगच्या) नव्या कम्युनिस्ट सरकारला द्यावी यासाठी जानेवारी १९५० पासून त्यांचा बहिष्कार होता. त्यामुळे जूनअखेरचे ठराव नकाराधिकाराविना निघाले. ऑगस्टमध्ये ते परतले, पण तोवर संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली फौज उभी राहिली होती.

भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता. २५ जूनचा ठराव (८२) म्हणजे लढाई थांबवा, उत्तरेने मागे हटावं. भारताचं मत बाजूने. २७ जूनचा ठराव (८३) म्हणजे सदस्यांनी दक्षिणेला मदत करावी. त्या मतदानात भारताने भाग घेतला नाही, नंतर सरकारने ठराव मान्य असल्याचं कळवलं. ७ जुलैचा ठराव (८४) म्हणजे अमेरिकेच्या हाताखाली एकत्रित सेनापतित्व. इथे भारत अलिप्त राहिला. आक्रमण चूक, पण एका महासत्तेच्या हुकमतीखाली लढायला आम्ही येणार नाही, असा त्याचा अर्थ.

मूळ लेखात के. पी. एस. मेनन यांचा उल्लेख राहिला. १९४८ च्या त्या निवडणूक आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९५२ मध्ये आमसभेत ठराव मांडणारे व्ही. के. कृष्ण मेनन वेगळे. दोघांची गल्लत फार ठिकाणी होते.

आणखी एक. भारताच्या मध्यस्थीला सुरुवातीला कोणी जुमानलं नाही, आणि त्याची किंमत भयंकर होती. ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आपले पेकिंगमधले राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून सांगितलं की अमेरिकी फौजांनी ३८वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने निरोप पुढे पोचवला. वॉशिंग्टनने ती पोकळ धमकी समजली, पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत अशी समजूत होती म्हणून. १९ ऑक्टोबरपासून चिनी तुकड्या यालू ओलांडू लागल्या.

जुना वाचक

भारत लढायला गेला नाही, पण गेलाच नाही असं नाही. ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली नोव्हेंबर १९५० मध्ये पोचली आणि फेब्रुवारी १९५४ पर्यंत होती. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकी छत्रीधारी रेजिमेंटबरोबर तिच्या १२ जणांनी उडी घेतली होती. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं.

नकाशावाचक

आता मुख्य मुद्द्यावर येतो. शस्त्रसंधीची बोलणी १० जुलै १९५१ ला केसाँगला सुरू झाली, ऑक्टोबरात पानमुनजॉमला हलली. रेषा कुठे, देखरेख कोणाची, यावर १९५२ च्या वसंतापर्यंत बहुतेक एकमत झालं होतं. उरला एक विषय, युद्धकैदी. त्या एका विषयावर सव्वा वर्ष गेलं आणि तेवढा काळ लढाई चालू राहिली.

(शब्दाबद्दल: हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे कैदी, मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं. हिंदी मजकुरावरून लिहिलेल्या मराठी लेखांत यामुळे वाक्यांचा अर्थच उलटतो. इथे 'युद्धकैदी' आणि 'शस्त्रसंधी' हेच शब्द वापरू.)

१९४९ च्या जिनिव्हा कराराचं ११८वं कलम सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब मायदेशी धाडायचं. कैद्याला विचारायची तरतूद त्यात नाही. चीन आणि उत्तर कोरिया या कलमावर ठाम होते. अमेरिकेने भूमिका घेतली की जबरदस्तीने कोणाला परत पाठवणार नाही. यामागे एक ताजी आठवण होती. महायुद्धानंतर सोव्हिएत नागरिकांना बळाने परत पाठवलं गेलं आणि त्यातल्या अनेकांची रवानगी छावण्यांत झाली.

भूमिका माणुसकीची, पण अंमलबजावणी बिघडली. दक्षिण कोरियातल्या गोजे बेटावरच्या अमेरिकी छावण्यांत आतला कारभार कैद्यांच्या टोळ्यांकडे होता. काही आवारं कट्टर कम्युनिस्टांची, काही कट्टर विरोधकांची. एप्रिल १९५२ मध्ये 'परत जायचंय का' अशी विचारणा झाली तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या मागे आवाराचा म्होरक्या उभा. विरोधकांच्या आवारांत मारहाण, अंगावर बळाने गोंदणं, सगळं झालं. आकडा आला तो सुमारे ७०,००० जायला तयार, कैदी आणि नजरकैदेतले नागरिक मिळून सुमारे १,७०,००० पैकी. चिनी बाजू खूप मोठ्या आकड्याची वाट पाहत होती, ती बिथरली. मे महिन्यात कैद्यांनी छावणीच्या प्रमुखालाच, ब्रिगेडियर जनरल डॉडना, पकडून ठेवलं. नंतर नव्याने मोजणी करून आकडा ८३,००० वर गेला, पण विश्वास गेला तो गेला.

कोंडी फुटायला भारतीय ठरावाचा आधार मिळाला. ३ डिसेंबर १९५२ ला आमसभेने तो ५४ विरुद्ध ५ मतांनी घेतला. बळाने परत पाठवायचं नाही, बळाने अडवायचंही नाही, कैदी तटस्थ आयोगाच्या हवाली करायचे. विरोधातली ५ मतं सोव्हिएत गटाची. ५ मार्च १९५३ ला स्टालिन वारला आणि मग वेगाने हालचाल झाली. एप्रिलमध्ये आजारी-जखमी कैद्यांची अदलाबदल (६,६७० उत्तरेकडे, ६८४ दक्षिणेकडे), ८ जूनला कैद्यांविषयीचा करार. १८ जूनला ऱ्हींनी स्वतःच्या पहारेकऱ्यांना सांगून सुमारे २७,००० उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले, करार मोडावा म्हणून. तरी २७ जुलैला सकाळी दहा वाजता सह्या झाल्या आणि रात्री दहापासून तोफा थांबल्या. दक्षिण कोरियाची सही त्या कागदावर नाही.

करवीर

आता आयोगाचं काम कसं चाललं ते लिहितो, कारण इथे आपली माणसं आहेत.

तटस्थ राष्ट्रांचा प्रत्यावर्तन (म्हणजे मायदेशी परत पाठवण्याचा) आयोग पाच देशांचा होता: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. पहिले दोन एका बाजूने सुचवलेले, पुढचे दोन दुसऱ्या. त्यामुळे जवळपास प्रत्येक कळीच्या प्रश्नावर दोन विरुद्ध दोन आणि निर्णय भारताच्या मतावर. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या. प्रत्यक्ष पहारा फक्त भारतीय फौजेचा, इतर कोणाचा सशस्त्र माणूस नाही. त्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. फौज सहा हजारांच्या आसपास.

पहिली अडचण पोचण्याचीच. ऱ्हींनी जाहीर केलं की भारतीय सैनिकाने दक्षिण कोरियाच्या मातीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून इंचॉनला जहाजावरून थेट हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेलं गेलं. सहा हजार माणसं, थोडी थोडी करून. मुक्कामाच्या जागेला नाव दिलं हिंदनगर.

सप्टेंबर १९५३ मध्ये ताब्यात आले परत जायला नकार देणारे २२,६०४ कैदी: १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. उलट बाजूने परत न जाणारे ३५९: ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकी, १ ब्रिटिश. नियम असे होते:

ताबा मिळाल्यावर ९० दिवस दोन्ही देशांच्या प्रतिनिधींनी आपापल्या माणसांना परत येण्यासाठी समजावायचं. दर हजार कैद्यांमागे जास्तीत जास्त ७ समजावणारे, पण एकूण ५ पेक्षा कमी नाहीत. समजावणं आयोगाच्या पाचही देशांच्या निरीक्षकांसमोर. मग उरलेल्यांचा प्रश्न शस्त्रसंधीत ठरलेल्या राजकीय परिषदेने ३० दिवसांत सोडवायचा. तरीही उरले तर १२० दिवस पुरे होताच त्यांना नागरिक म्हणून मोकळं करायचं.

कागदावर चोख. मोडलं ते इथे:

समजावण्याचे तंबू वेळेवर तयार नव्हते. २४ सप्टेंबरला घड्याळ सुरू झालं, पहिलं समजावणं झालं १५ ऑक्टोबरला. हे दिवस ९० मधूनच गेले.

म्होरके तेच होते. गोजेवरच्या टोळ्या जशाच्या तशा इकडे आल्या. परत जायची इच्छा असलेल्याला ती उघड बोलणं म्हणजे जिवावर बेतणं. काही जण रात्री कुंपणावरून उडी मारून भारतीय पहारेकऱ्याकडे धावत आले. परत गेलेले बरेचसे असेच.

समजावणारे एकेका माणसाला ताणून धरत. चिनी प्रतिनिधी एका कैद्यावर तासन्‌तास घालवत, कैदी आरडाओरडा करत. अशाने दिवसाचा आकडा पुढे सरकेना. कोरियन कैद्यांची आवारं तर बाहेर यायलाच तयार नव्हती.

आणि सगळ्यात अवघड: बाहेर येत नसतील तर बळ वापरायचं का? पोलंड-चेकोस्लोव्हाकिया म्हणे वापरा, स्वित्झर्लंड म्हणे वापराल तर आम्ही उठून जातो. थिमय्यांनी न वापरण्याचा निर्णय घेतला. आतले हजारो, पहारा तुटपुंजा. बळ म्हणजे कत्तल झाली असती. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, जरी त्याने समजावण्याचं काम जवळपास बंदच पडलं. ९० पैकी जेमतेम १० दिवस समजावणं झालं, सुमारे तीन हजार कैदी समोर आले.

थोरातांची कसोटी सुरुवातीलाच लागली. एका भारतीय मेजरला कैद्यांनी आवारात ओढून नेलं. थोरात गोळी न झाडता स्वतः आत गेले, बोलणी केली, अधिकाऱ्याला सोडवून आणलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र कुंपण तोडू पाहणाऱ्यांवर गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले.

राजकीय परिषद भरलीच नाही. मग १२० दिवसांनंतर काय? एक बाजू म्हणे मोकळं करा, दुसरी म्हणे परिषद होईपर्यंत ठेवा. एकट्याच्या जबाबदारीवर भारताने यातलं काहीच केलं नाही. २० जानेवारी १९५४ पासून कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्या हवाली परत केले. पुढे १४,००० हून जास्त चिनी तैवानला गेले. परत मायदेशी गेले ते सहाशेच्या आसपास. २१ अमेरिकी आणि एक ब्रिटिश चीनच्या बाजूलाच राहिले.

दोन्ही बाजू नको म्हणणारे ८८ जण भारतीय फौजेच्या जहाजांवरून मद्रासला आले. बरेच पुढे ब्राझील-अर्जेंटिनाकडे गेले, थोडे इथेच राहिले.

सुमेधा

करवीर, हे एवढं तपशिलात मराठीत पहिल्यांदा वाचलं. थिमय्यांचं नाव ठाऊक होतं, थोरातांचं या संदर्भात नव्हतं. भारताने एवढं केल्यावर पुढच्या परिषदेत भारताला स्थान मिळालं का?

करवीर

नाही. ऱ्हींचा कडवा विरोध होता आणि अमेरिकेने त्यांची बाजू घेतली. आमसभेच्या समितीत भारताच्या बाजूने जास्त मतं पडली, पण लागणारं दोन तृतीयांश नव्हतं. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत कोरियावरच्या चर्चेत भारत अधिकृतपणे नव्हताच, आणि ती चर्चा निष्फळ ठरली. त्याच परिषदेत व्हिएतनामला १७व्या अक्षांशापाशी 'तात्पुरती' रेषा आखली गेली, आणि तिथल्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद मात्र भारताकडे आलं, जोडीला कॅनडा आणि पोलंड.

दक्षिण कोरियाशी संबंध बरीच वर्षं थंड राहिले. भारताने दोन्ही कोरियांशी पूर्ण राजनैतिक संबंध एकाच दिवशी जोडले, १० डिसेंबर १९७३ ला.

तळटीप

आघाड्यांबद्दल थोडं. कोरियाच्या युद्धाने जगभरचे लष्करी करार घट्ट केले, आणि त्यातला प्रत्येक करार एखाद्या घाबरलेल्या किंवा हट्टी दोस्ताला दिलेली किंमत आहे, असं मला वाटतं.

ऱ्हींनी शस्त्रसंधी मोडू नये म्हणून त्यांना काय द्यावं लागलं? परस्पर संरक्षण करार (१ ऑक्टोबर १९५३), आर्थिक मदत आणि सैन्य २० डिव्हिजनपर्यंत वाढवायला पैसा. पण करारातले शब्द पाहा: हल्ला झाला तर प्रत्येक देश 'आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार' वागेल. आपोआप युद्ध नाही. शिवाय १९५४ मध्ये ऱ्हींकडून लिहून घेतलं की त्यांच्या फौजांचं परिचालन नियंत्रण संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीकडे, म्हणजे अमेरिकी जनरलकडे राहील. म्हणजे करार उत्तरेला धाक घालण्यासाठी जितका, तितकाच दक्षिणेला आवरण्यासाठीही. शांतताकाळातलं नियंत्रण सोलला परत मिळालं १ डिसेंबर १९९४ ला. युद्धकाळातलं आजही संयुक्त सेनापतित्वाकडे आहे.

उत्तरेने १९६१ च्या जुलैत सहा दिवसांत दोन करार मिळवले: ६ तारखेला मॉस्कोशी, ११ ला पेकिंगशी. चीनच्या करारात 'तत्काळ लष्करी मदत' असे शब्द आहेत. रशिया-चीन यांच्यात फाटत चाललं होतं, किमने दोघांच्या चढाओढीचा फायदा घेतला.

युरोपात नाटो १९४९ मध्ये कागदावर होती. एकत्रित सेनापतित्व आणि फौजा आल्या त्या कोरियानंतर. तुर्कस्तानने कोरियात ब्रिगेड पाठवली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये ग्रीससह नाटोत जागा मिळवली. पश्चिम जर्मनीला पुन्हा शस्त्रं देण्याचा विषय १९५० मध्येच निघाला, १९५५ मध्ये ती नाटोत आली, आणि लगेच १४ मे १९५५ ला वॉर्सा करार झाला. आपल्या दाराशी: मे १९५४ मध्ये अमेरिका-पाकिस्तान लष्करी मदत करार, सप्टेंबरात पाकिस्तान सीटोमध्ये, म्हणजे आग्नेय आशियाच्या संरक्षण करारात. काश्मीरवर पाकिस्तानचे पंतप्रधान महंमद अलींशी चाललेली बोलणी नेहरूंनी त्यानंतर जुन्या पायावर पुढे नेली नाहीत.

जुना वाचक

मग जर्मनी एक झाली आणि कोरिया नाही, याचं उत्तर काय?

तळटीप

थोडक्यात: दोन जर्मनींनी एकमेकांचं रक्त सांडलं नव्हतं. बर्लिनची नाकेबंदी (२४ जून १९४८ ते १२ मे १९४९) युद्धाविना सुटली, कारण तीन हवाई मार्गांचा १९४५ चा लेखी करार हाताशी होता. रस्त्यांसाठी तसा लेखी करार नव्हता, म्हणून रस्ते बंद करता आले. १९७२ मध्ये दोघींनी एकमेकींना मान्यता दिली, पत्रं आणि माणसं ये-जा करत राहिली. कोरियात साधं पत्रही जात नाही. दक्षिणेत ताटातूट झालेल्या कुटुंबांनी नातलगांच्या शोधासाठी केलेल्या नोंदी १,३३,००० च्या वर आहेत, त्यातले बहुसंख्य आता हयात नाहीत. २००० ते २०१८ मध्ये समोरासमोर भेटींच्या २१ फेऱ्या झाल्या. एका फेरीत प्रत्येक बाजूची साधारण शंभर कुटुंबं. भागाकार केला की छातीत कळ येते.

खलाशी

एक महत्त्वाची दुरुस्ती, लेखात नाही पण प्रतिसादांवरून काहींचा तसा समज दिसतो. आजची रेषा म्हणजे ३८वा अक्षांश नव्हे. १९५३ ची लष्करी सीमांकन रेषा फौजा जिथे उभ्या होत्या तिथून जाते. पश्चिमेला ती ३८ च्या खाली उतरते, पूर्वेला वर चढते. त्यामुळे केसाँग युद्धापूर्वी दक्षिणेत होतं, आता उत्तरेत आहे. सोकचो उलट. लांबी जवळपास २४० किलोमीटर, दोन्हीकडे दोन-दोन किलोमीटर निर्लष्करी पट्टा. रेषेवर कुंपण नाही, १,२९२ पाट्या आहेत. दक्षिणेकडून दिसणारी बाजू कोरियन आणि इंग्रजीत, उत्तरेकडून दिसणारी कोरियन आणि चिनीत. कुंपणं आहेत ती पट्ट्याच्या कडांना.

समुद्राबद्दल करारात रेषाच नाही. पश्चिम किनाऱ्याजवळची पाच बेटं संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीकडे राहतील, एवढंच आहे. मग त्या सेनापतीने आपल्याच जहाजांना आवर घालायला उत्तर मर्यादा रेषा आखली. उत्तरेने ती कधी मान्य केली नाही. खेकड्यांच्या हंगामात जून महिन्यात तिथे चकमकी होतात. १९९९ आणि २००२ च्या दोन्ही लढाया जूनमधल्याच.

सुमेधा

आणि नदीच्या मुखाशी? नकाशात हान नदीच्या तोंडाशी रेषा दिसत नाही.

खलाशी

बरोबर पाहिलंत. सीमांकन रेषा इमजिन नदीच्या मुखाशी संपते. तिथून पुढे हानच्या खाडीत ती नाहीच. कराराच्या पाचव्या परिच्छेदाप्रमाणे हे पाणी दोन्ही बाजूंच्या नागरी जहाजांना खुलं आहे. कागदावर खुलं, व्यवहारात ६५ वर्षं बंद. इतकी वर्षं कोणी खोली मोजली नाही, त्यामुळे गाळाचे उंचवटे आणि खडक कुठे आहेत हेच माहीत नव्हतं.

नोव्हेंबर-डिसेंबर २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिणेच्या लोकांनी मिळून ३५ दिवस दक्षिणेच्या बोटींवरून मोजणी केली. अडथळा ठरणारे २१ खडक सापडले. त्यावरून तयार केलेला नौकानयनाचा नकाशा ३० जानेवारी २०१९ ला पानमुनजॉमला उत्तरेच्या हवाली झाला. पुढच्याच महिन्यात हनोईची ट्रम्प आणि किम जोंग उन यांची भेट फिसकटली आणि जहाजं काही सुरू झाली नाहीत. मोजलेली खोलीही आता जुनी. भरती-ओहोटीचा फरक तिथे मोठा आहे, गाळ दरवर्षी जागा बदलतो. पुन्हा जहाज न्यायचं ठरलं तर पुन्हा मोजावं लागेल.

नकाशावाचक

धन्यवाद. के. पी. एस. मेनन, विजेची तारीख आणि रेषेबद्दलची दुरुस्ती मूळ लेखात घालतोय. नकाशे दोन लावीन: १९४५ चा अक्षांश आणि १९५३ ची रेषा एकावर एक, म्हणजे केसाँग कुठून कुठे गेलं ते दिसेल. आणि खाडीचा भाग वेगळा मोठा करून.